पानं किती, प्लेटा किती

तुळशीचं लग्न लागलं की इंदूरच्या मराठी घरांत केटररांची कोटेशनं येऊन पडू लागतात. रामबाग असो, लोकमान्य नगर असो की सुदामा नगर, बोलणी अडतात ती एकाच शब्दावर: प्लेट. भाव प्लेटचा, गॅरंटी, म्हणजे किमान किती जणांचे पैसे नक्की द्यायचे तो आकडा, प्लेटांची, रात्री साडेअकराला हातात पडणारं बिलही प्लेटांचंच. वीस वर्षं नात्यागोत्यातल्या कार्यांत हिशेबाची वही सांभाळल्यावर माझं मत असं झालंय की मेनूवर जितका वेळ जातो, त्याच्या निम्मा तरी या शब्दावर जायला हवा. तो आपल्याकडे आला कसा, हे त्यासाठी माहीत असलेलं बरं.

होळकरांची राजधानी 1818 नंतर इंदुरात स्थिरावली आणि दरबार, फौज, कचेऱ्यांच्या निमित्ताने आलेल्या मराठी घराण्यांबरोबर पंगतही इथे रुजली. माळव्यात पळस भरपूर, त्यामुळे पत्रावळींना तोटा नव्हता. संस्थान 1948 मध्ये ‘मध्य भारत’ या राज्यात विलीन झालं, तरी लग्नाचं जेवण तसंच राहिलं: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे अळूची भाजी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलेबी आणि मठ्ठा. मोजणी ‘पानां’ची असे. ‘दोनशे पानं झाली’ म्हणजे दोनशे माणसं जेवून उठली. एक माणूस, एक पान. कुणी चार जिलब्या जास्त खाल्ल्या तरी पान एकच.

ही मोजणी टिकली ती आचाऱ्यामुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आमच्याकडे केटरर नव्हता, आचारी होता. माळवी शेजाऱ्यांकडे त्यालाच ‘महाराज’ म्हणत. तो महिनाभर आधी घरी यायचा, चहा घ्यायचा आणि विचारायचा, “पानं किती धरू?” मग वहीच्या कागदावर यादी: तांदूळ इतका, डाळ इतकी, तूप, गूळ, खोबरं, जायफळ. यादी घेऊन घरची माणसं सियागंजात जात. तांदूळ हातावर घेऊन बघत, तुपाचा वास घेत. आचारी घ्यायचा फक्त मजुरी, स्वतःची आणि वाढप्यांची. सामान आपलं असल्यामुळे त्यात काटकसर करण्यात त्याचा काडीचाही फायदा नव्हता. उलट कमी पडलं तर नाव त्याचं जायचं, म्हणून यादीत त्याचा हात सैलच असायचा. उरलेली साखर, अर्धा डबा तूप घरी परत यायचं. या व्यवस्थेत घरच्या बायकांचे दोन दिवस भाजी चिरण्यात आणि नारळ खवण्यात जात, आणि ते ओझं खरोखर मोठं होतं. पंगतीच्या आठवणी काढणारे ते ओझं सोडून देतात.

बदल आणला तो रिसेप्शनने. मराठी मुहूर्त बहुधा सकाळचा किंवा दुपारचा, आणि इंदुरातली बाकीची लग्नं रात्रीची. बँकेतले, मिलमधले, शाळेतले सहकारी, शेजारचे जैन, अग्रवाल, माहेश्वरी यांना दुपारी बारा पस्तीसच्या अक्षतांना येणं जमत नसे. त्यांच्यासाठी संध्याकाळचा वेगळा समारंभ सुरू झाला. आलेला माणूस कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसताना पंगत बसवणार कशी? म्हणून बफे. इथे सगळे ‘बफे’च म्हणतात, आणि सुरुवातीला घरच्या म्हाताऱ्यांनी उभ्याने खाण्यावरून जेवढी नाराजी दाखवली, तेवढी नंतर कशावरच दाखवली नाही. मेनूही त्या पाहुण्यांकडे बघून ठरू लागला. कांदा-लसणाशिवायच्या भाज्या, कंदमुळं न खाणाऱ्यांसाठी बटाटा टाळून काहीतरी, बाकीच्यांसाठी हिवाळ्यात गराडू (तळलेला कंद), पुढे भुट्ट्याचा कीस, मूगडाळीचा हलवा, रबडी. मराठी जेवण एका स्टॉलवर जाऊन बसलं. आता कोटेशनमध्ये ‘मराठी काउंटर’ अशी एक ओळ असते आणि तिच्यात मसालेभात, मठ्ठा आणि तव्यावरची गरम पुरणपोळी.

बफे आला तसा आचारी मागे पडला. स्टॉल, टेबलं, गॅस, शंभरावर भांडी आणि गणवेशातली पोरं हे सगळं एकाच माणसाने आणायचं तर तो ठेकेदारच हवा. सामानही त्याचंच झालं. आणि सामान त्याचं झाल्यावर त्याला भावाचं एकक लागलं. ते एकक म्हणजे प्लेट.

आपण समजतो की प्लेट म्हणजे जुनं पानच. गोंधळ इथेच होतो. पान मांडलं जायचं माणसासमोर, आणि तो उठेपर्यंत ते त्याचं असायचं. प्लेट माणूस स्वतः उचलतो, ठेवतो, पुन्हा उचलतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या रिसेप्शनला मी तासभर मोठ्या प्लेटांच्या चळतीपाशी उभा होतो. एका काकूंनी चाटसाठी मोठी प्लेट घेतली, कारण छोट्या संपल्या होत्या. निम्मी चाट खाऊन त्यांनी ती खुर्चीवर ठेवली आणि नवरानवरीला भेटायला स्टेजवर गेल्या. परत आल्या तोवर पोराने प्लेट उचलून टबात टाकली होती. त्यांनी जेवायला दुसरी घेतली. नंतर नातवासाठी तिसरी, त्यात दोन पुऱ्या आणि एक गुलाबजाम. जेवणारी माणसं दीड, प्लेटा तीन. त्या रात्री आमची गॅरंटी 400 ची होती, बिल 463 चं आलं, आणि वहीतल्या नोंदीप्रमाणे पाहुणे पावणेचारशेच्या आसपास. केटररने खोटं काही केलं नव्हतं. प्लेटा खरंच 463 वापरल्या गेल्या होत्या.

गॅरंटी हा याच शब्दाचा दुसरा पेच. 400 ची गॅरंटी दिली आणि 340 माणसं आली तर पैसे 400 चे. 430 झाल्या तर 430 चे. म्हणजे आकडा खाली येत नाही, वर मात्र जातो. केटररची बाजूही समजण्यासारखी आहे: त्याने माल 400 चा भरलेला असतो, पोरं 400 च्या हिशेबाने बोलावलेली असतात. तरीही धोक्याचा सगळा भार यजमानावर टाकणारी ही रीत मला न्याय्य वाटत नाही. जाणती मंडळी म्हणूनच अपेक्षेपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी गॅरंटी देतात आणि जादा प्लेटांचा भाव आधीच लिहून घेतात. फोटोग्राफर, बँडवाले, ड्रायव्हर यांची जेवणं मोजणीत धरायची की नाही, हेही तेव्हाच ठरवावं लागतं. कुणीतरी कूपनं वाटण्याची सूचना करतं आणि घरात कुणालाच ती पटत नाही. घरी बोलावलेल्या माणसाच्या हातात चिठ्ठी देऊन जेवायला पाठवणं आपल्याला जमत नाही, आणि जमूही नये.

प्लेटमुळे पदार्थांची संख्याही फुगली. पूर्वी आग्रह होत असे, त्यामुळे पदार्थ मोजके आणि प्रत्येकाचं प्रमाण भरपूर. आता भाव पदार्थांच्या यादीवरून ठरतो, प्रमाण केटररच्या अंदाजावर. यादीत तीस नावं असतात, आणि साडेनऊला आलेल्या माणसाला श्रीखंडाचं रिकामं भांडं दिसतं.

जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला तेव्हा बाहेरच्या केटरिंगवर 18 टक्के कर बसला. उदाहरणादाखल 600 रुपयांच्या 400 प्लेटा धरल्या, तर 2,40,000 वर 43,200 रुपये कर. ऑक्टोबर 2019 पासून हा दर 5 टक्के झाला, म्हणजे त्याच बिलावर 12,000. महागड्या हॉटेलांच्या आवारातलं केटरिंग मात्र त्यातून वगळलेलं होतं. कमी दरासोबत केटररला खरेदीवरच्या कराची वजावट मिळेनाशी झाली, त्यामुळे बऱ्याच जणांनी मूळ भाव वाढवून घेतला. ‘बिल हवं की नको’ हा प्रश्न तेव्हापासून घराघरांत विचारला जातो. बिल घ्यावंच. वाद झाला तर हातात तेवढाच कागद असतो.

2020 मध्ये लग्नाला 50 पाहुण्यांची मर्यादा आली. गॅरंटी हा शब्द काही महिने कुणी उच्चारला नाही, आणि इंदूरच्या काही घरांत गच्चीवर, अंगणात पुन्हा पंगती बसल्या. पन्नास माणसांना वाढायला घरचीच मंडळी पुरी पडली. निर्बंध उठले आणि बायपासवरची, राऊकडची, कनाडिया रोडवरची मॅरेज गार्डनं पुन्हा भरली. आता तिथे नवी अट असते: केटरर गार्डनचाच घ्यायचा, बाहेरचा आणला तर वेगळी ‘रॉयल्टी’ भरायची. केटरर निवडण्याचा निर्णय त्यामुळे जागा ठरवतानाच होऊन जातो, आणि यजमानाला ते कळतं आगाऊ रक्कम भरल्यावर.

उरलेल्या अन्नाची जबाबदारीही याच काळात कागदावर आली. ओला-सुका कचरा वेगळा देणं या शहरात घरोघरी अंगवळणी पडलेलं आहे, शहराचा बायो-सीएनजी प्रकल्प 2022 पासून रोज 550 टन ओला कचरा घेऊ शकतो, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून प्लॅस्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमच्यांवर देशभर बंदी आली. मेलामाइन आणि स्टील परतलं. त्यातून मोजणीचा एक जरा बरा मार्गही निघाला: केटररने आणलेल्या मोठ्या प्लेटा दोन्ही बाजूंनी आधी मोजायच्या, रात्री स्वच्छ उरलेल्या मोजायच्या, फरक तो खप. मात्र धुतलेल्या प्लेटा त्याच रात्री पुन्हा चळतीत लावायच्या नाहीत, हे आधी लिहून घ्यावं लागतं. ते लिहिलेलं नसेल तर सगळी मोजणी वाया.

गेल्या मार्गशीर्षात भाचीच्या ग्रहमखाचं जेवण घरीच होतं, रिसेप्शनवाल्या केटररकडेच दिलेलं. त्याचा माणूस, तिशीतला, वडील आचारी होते म्हणाला. वही उघडून त्याने विचारलं, “काका, उद्या सकाळची पानं किती?” मी साठ म्हणालो. त्याने लिहिलं: 60 प्लेट.