बंडानूनने बाटली का सोडली

२६ सप्टेंबर २००९. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या बंडानून या छोट्या गावात दुकानदारांनी पाण्याच्या उरल्यासुरल्या बाटल्या समारंभाने फळीवरून उतरवल्या. नळाच्या पाण्यासाठी गावोगावी जे उत्सव होतात, त्यांत या दिवसाचं नाव आवर्जून निघतं.

वादाचं मूळ मात्र चवीत नव्हतं. सिडनीच्या एका कंपनीला बंडानूनचं भूजल उपसून सिडनीत बाटल्यांत भरायचं होतं. गावकरी त्याविरुद्ध लढत होते. त्यातूनच प्रश्न निघाला: आपलं पाणी कुणी बाटलीत भरू नये म्हणायचं, तर दुसऱ्या गावचं बाटलीतलं पाणी आपण तरी का प्यावं? गावात बाटलीतल्या पाण्याची विक्री थांबवावी का, हे ठरवायला जुलै २००९ मध्ये साडेतीनशेहून अधिक लोक सभेला जमले. विरोध जेमतेम एकदोघांचा. हा कायदा नव्हता, दुकानदारांनी आपखुशीने पाळलेला ठराव होता. म्हणूनच तो आम्हाला मोलाचा वाटतो.

बाटली एवढी पसरली ती १९७०च्या दशकानंतर. १९७३ साली पेट या हलक्या प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंट मिळालं, वजन आणि फुटण्याची भीती गेली. १९७७ पासून पेरिये या फ्रेंच बाटलीबंद पाण्याच्या कंपनीने अमेरिकेत जाहिरातींचा मारा केला. नळाचा इतिहास त्याहून जुना. अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात नियमित क्लोरीन घालायला सुरुवात झाली ती १९०८ साली, तारीख योगायोगाने हीच, २६ सप्टेंबर.

बंडानूनने नुसती विक्री थांबवली नाही. रस्त्यात आणि दुकानांत गाळलेल्या पाण्याचे नळ बसवले, पुन्हा वापरायच्या बाटल्या विकायला ठेवल्या. तरीही लोक गोड पेयांकडे वळू शकतात. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठाने २०१३ मध्ये साध्या पाण्याच्या बाटल्यांची विक्री बंद केली, तेव्हा आवारात येणाऱ्या एकूण बाटल्या कमी झाल्या नाहीत, गोड पेयं मात्र वाढली.

उत्सवात डोळे बांधून चव ओळखण्याचा खेळ हमखास असतो, आणि तिथेच नळ नाहक हरतो. बाटली फ्रिजमधली आणि नळाचं पाणी कोमट असेल, तर बाटलीच जिंकणार. गारव्याने क्लोरीनचा वास दबतो. दोन्ही पाणी सारखंच गार करावं. नळ आधी थोडा वेळ वाहू द्यावा, पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावं. बागेच्या पाइपने कधीच भरू नये, प्लास्टिकचा वास येतो. पेल्यांवर फक्त आकडे, आणि कुठल्या आकड्यात काय आहे हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नको.

आपल्याकडे असा उत्सव करायचा तर आधी अडचण वेगळी आहे. पाणी ठरावीक वेळीच सुटतं; मधल्या वेळात रिकाम्या जलवाहिनीत गळतीच्या जागेतून बाहेरची घाण ओढली जाते. शिवाय सोसायटीच्या न धुतलेल्या टाक्या. म्हणून स्टॉलवर पाण्यातलं क्लोरीन मोजणारी ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट लोकांसमोरच करावी, तीही टाकीच्या नव्हे, थेट लाइनच्या पाण्याची. नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग पट्टीशी ताडून पाहायचा. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. रंगच आला नाही, तर त्या नळाचं पाणी त्या दिवशी कुणाला पाजू नये. चाचणी झाली की नळी लगेच रिकामी करून धुवावी. ते पाणी पिण्याचं नव्हे.