जुन्या फियाटचा रंग: किती घासायचा, कुठे थांबायचं

वर्षानुवर्षं उन्हात उभी राहून फिकी पडलेली जुनी प्रीमियर पद्मिनी धुवायला घेतली की थोडा वेळ तिचा मूळ रंग वर येतो. लाल रंग खरा लाल दिसतो, काळ्या बॉनेटमध्ये समोरचं झाड दिसतं. मग बॉनेट सुकतं आणि पुन्हा तोच पांढुरका, मेलेला रंग. सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात ज्यांनी घरातली फियाट किंवा ॲम्बॅसिडर अजून जपली आहे, त्यांना हे नवीन नाही. त्यावरून बहुतेकजण एकच ठरवतात, गाडीला रबिंग मारून घ्यायचं. पण पाण्यानं त्या थोड्या वेळात नेमकं काय केलं हे आधी समजून घेतलं, तर किती घासायचं आणि कुठे हात आवरायचा हेही कळतं.

प्रकाश रंगावर सरळ पडला, तर त्यातला सुमारे ४ टक्के भाग आत शिरतच नाही, वरच्या वर परत फिरतो. रंग लाल असो की हिरवा, हा परतलेला भाग पांढराच असतो. पृष्ठभाग गुळगुळीत असला की तो सगळा एकाच दिशेनं जातो, म्हणून त्या दिशेनं पाहताना बॉनेटमध्ये ट्यूबलाइट दिसते आणि बाकीच्या बाजूंनी निव्वळ आतला रंग दिसतो. पृष्ठभाग खडबडीत झाला की तोच पांढरा प्रकाश चहूकडे विखुरतो आणि सगळ्या रंगावर धुरकट पडदा येतो. हा खडबडीतपणा किती बारीक असतो? आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उंचसखलपणा या मापाच्या आसपास पोचला की चकाकी जायला लागते. बोटाला तो अजून गुळगुळीतच लागतो.

आता पाणी. प्रकाश एखाद्या पदार्थात शिरताना किती मंदावतो याचं माप म्हणजे अपवर्तनांक. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि रंगाच्या थराचा साधारण १.५. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत फरक जितका मोठा, तितका प्रकाश त्यांच्या सीमेवरून जास्त परततो. पाणी खड्ड्यांमध्ये भरलं की खडबडीत सीमा हवा आणि रंग यांच्यातली उरत नाही, पाणी आणि रंग यांच्यातली होते. तिथून परतणारा प्रकाश ४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्याच्याही खाली येतो. पांढरा पडदा विरतो. म्हणजे रंग आत शाबूत आहे, बिघाड वरच्या पातळ थरात आहे. धुताना गाडी सुंदर दिसत असेल तर ती बहुतेक वाचवता येते. ओली असतानाही ती ठिकठिकाणी मळकट, डागाळलेली दिसत असेल, तर बिघाड खोल गेला आहे. इतकी स्वस्त आणि इतकी नेमकी दुसरी तपासणी मला माहीत नाही.

पृष्ठभाग खडबडीत होतो तो मुख्यतः दोन कारणांनी. पहिलं कारण ऊन. रंग म्हणजे रंगद्रव्याचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा राळेसारखा बंधक. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या बंधकाच्या रेणूंचे बंध तोडतात, वरचा थर झिजतो आणि कण मोकळे पडतात. जुन्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरच्या टपावर बोट फिरवलं की पावडर येते ती हीच. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं. ते अतिनील किरण शोषून कणाभोवतीच्या बंधकाचीच मोडतोड घडवून आणू शकतं. म्हणून टिकाऊ रंगांसाठी त्याचा रुटाइल हा प्रकार वापरतात आणि त्याच्या कणांवर सिलिका, ॲल्युमिना यांचं आवरण चढवतात.

काही लाल आणि पिवळ्या रंगांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे बंधकाबरोबर रंगद्रव्याचा रेणूही उन्हात मोडतो. हळदीच्या पेठेत वाढलेल्या सांगलीकराला हे सहज पटेल. पांढऱ्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग साबणानं निघत नाही, पण सदरा उन्हात वाळत घातला की फिकट होत जातो, कारण कुर्क्युमिनचा रेणू प्रकाशात तुटतो. गाडीचा असा विटलेला थर घासून काढला तर खालचा ताजा रंग दिसतो. मात्र खाली थर शिल्लक असला तरच.

दुसरं कारण आपला हात, म्हणजे हातातला कोरडा फडका. आपला सगळा मुलूख दख्खनच्या बेसॉल्टवर बसलेला आहे. रस्त्यावरच्या धुळीत, खडीच्या चुऱ्यात या खडकातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं असतात. मोह्सच्या कठीणतेच्या १ ते १० या मापावर ती ५ ते ६.५ च्या दरम्यान येतात. गाडीचा रंग त्यांच्यापुढे फार मऊ. सकाळी ऑफिसला निघताना टपावरची धूळ फडक्यानं झटकणं म्हणजे रोज थोडाथोडा पॉलिश पेपर मारणंच आहे. ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात, तेव्हा उडणारी राख त्याहून वाईट. उसाच्या पानात सिलिका असते, ती राखेत उतरते. शिवाय राख अल्कधर्मी असते आणि रात्रीच्या दवात भिजली की डाग पाडते. २०१९ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांच्यापैकी अनेकांनी वाळलेला गाळ घाईघाईनं पुसून काढला असेल. त्या वेळी ते समजण्यासारखंच होतं, घरंच चिखलात होती. पण गाळ आधी भरपूर पाण्यानं भिजवून वाहून जाऊ द्यायचा असतो, पुसायचं शेवटी.

अशा पुसण्यानं पडलेले ओरखडे उन्हात गोल गोल दिसतात, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं असावं तसे. लोक म्हणतात, गोल फडका फिरवला म्हणून. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात. पण प्रत्येक ओरखडा आपल्यावर पडलेला प्रकाश ठरावीक दिशेनंच परतवतो, आणि प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शरेषेसारखे जे तुकडे असतात तेवढेच आपल्या डोळ्यापर्यंत चमक पोचवतात. संध्याकाळी टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरून पाहा. वर्तुळंही तुमच्याबरोबर फिरतील. एखादे धनुष्याकृती चट्टे मात्र जागेवरच राहिले, तर ते बफिंग मशीन चुकीचं चालवल्याचे समजावेत.

आता गाडीवर रंग कुठला आहे ते पाहायला हवं. १९२० च्या दशकापर्यंत गाड्यांना व्हार्निशसारखे रंग लावत आणि ते सुकायला आठवडेच्या आठवडे जात. १९२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्टचा ड्युको हा नायट्रोसेल्युलोजचा रंग ओकलंड नावाच्या कंपनीच्या गाड्यांवर आला आणि हे काम तासांवर आलं. आपले पेंटर अजूनही ड्युको म्हणतात तो शब्द तिथला. हा रंग नुसतं थिनर उडून गेल्यानं सुकतो, म्हणून कितीही वर्षांनी थिनर लावला की पुन्हा विरघळतो. इनॅमल हवेतला ऑक्सिजन घेऊन किंवा भट्टीच्या उष्णतेनं घट्ट होतं, ते असं सहज विरघळत नाही. आजच्या गाड्यांवर रंगाच्या वर वेगळा पारदर्शक क्लिअर कोट असतो, जुन्या एकरंगी फियाटवर तो नसे. डिकीच्या आतल्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडका गाडीच्या रंगाचा झाला तर वर क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंगच घासता आहात. जुना मेटॅलिक रंग असेल तर आणखी जपून, कारण घासताना रंगात मिसळलेले ॲल्युमिनियमचे बारीक चपटे कण उघडे पडतात आणि ती जागा करडी होत जाते.

खरा मुद्दा जाडीचा आहे. कारखान्यात रंगवलेल्या पत्र्यावर प्रायमरसकट सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम सातवा ते दहावा भाग. त्यात वरचा रंग आणखी कमी. ५ मायक्रॉन खोल ओरखडा घालवायचा तर ओरखडा भरता येत नाही, आजूबाजूचा सगळा रंग ५ मायक्रॉन खाली आणावा लागतो. प्रत्येक रबिंगमध्ये रंग खर्च होतो आणि तो परत येत नाही. यापूर्वीच्या मालकांनी किती खर्च केला ते आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून जाडी मोजणारं यंत्र असलेला पेंटर मला हात चालवण्यात पटाईत असलेल्या पेंटरपेक्षा भरवशाचा वाटतो. लोखंडी पत्र्यावर हे यंत्र चुंबकीय प्रवर्तनावर चालतं, ॲल्युमिनियमवर भोवरी प्रवाहांवर, म्हणजे पत्र्यात भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या विजेवर. ते नसेल तर फडक्यात गुंडाळलेला साधा लोहचुंबक घ्या. मडगार्डवर तो एखाद्या जागी धरला नाही, तर तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे.

कडांवर विशेष लक्ष द्या. ओला रंग पृष्ठताणामुळे धारदार कडेवरून मागे सरकतो, त्यामुळे बॉनेटच्या आणि दाराच्या कडांवर थर मुळातच पातळ असतो. बफ मारताना पत्रा सगळ्यात आधी उघडा पडतो तो तिथेच. मशीन लावण्याआधी कडांना मास्किंग टेप लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

मी सुरुवात नेहमी तेलानं करायला सांगतो. बिनक्लिअर कोटच्या जुन्या, कोरड्या पडलेल्या रंगावर, अपघर्षक म्हणजे घासणारे कण अजिबात नसलेलं तेलकट पॉलिश जाडसर लावायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. तेलाचा अपवर्तनांक साधारण १.४७, रंगाच्या अगदी जवळचा. पाण्यानं जे थोडा वेळ केलं तेच तेल करतं, पण ते उडून जात नाही, बारीक भेगाछिद्रांत टिकून राहतं. कित्येक गाड्यांचा निम्मा रंग एवढ्यानंच परततो, एक मायक्रॉनही खर्च न होता. डिझेलनं पुसणं हा मात्र याचा पर्याय नव्हे. त्यानं मेण निघून जातं आणि मागे उरणारा ओशटपणा धूळ पकडतो.

त्याआधी गाडी खरोखर स्वच्छ हवी. मिरज जंक्शनसारख्या ठिकाणाजवळ वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टपावर बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ते रुळांच्या आणि ब्रेकच्या झिजेतून उडालेले लोखंडाचे कण, रंगात रुतून गंजलेले. यांच्यासाठी मिळणाऱ्या द्रावणात थायोग्लायकोलेट असतं. ते लोखंडाशी संयोग पावून जांभळं होतं आणि कण सुटे होतात. उरलेले कण क्ले बारनं, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीनं, भरपूर साबणपाणी ठेवून काढायचे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं उन्हात गाडी धुतली की कॅल्शियमचे पांढरे डाग बसतात, ते पातळ केलेल्या व्हिनेगरनं निघतात. नंतर साध्या पाण्यानं धुऊन घ्यावं.

मग लागलंच तर रबिंग. रबिंगच्या लेपात, म्हणजे कंपाऊंडमध्ये, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, मोह्सच्या मापावर ९. जाड कण मोठे ओरखडे घालवून छोटे पाडतात, बारीक कण त्याहून छोटे. शेवटी उरलेले ओरखडे प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा लहान झाले की डोळ्याला दिसेनासे होतात. चकाकी म्हणतात ती हीच अवस्था. म्हणून आधी एका वीतभर जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडनं पाहावं, भागलं नाही तरच एक पायरी वर जावं. नेहमीची रीत उलटी असते, आधी २००० नंबरचा पाणीपेपर आणि मग पुढचं. त्या पेपरचे कण सुमारे १० मायक्रॉनचे असतात. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा दाट खडबडीतपणा किंवा रंगाचा ओघळ असेल आणि जाडी पुरेशी असेल तर पेपर ठीक, नुसत्या फिकेपणासाठी तो फार आहे. ओरखड्यात नख अडकत असेल तर तो ओरखडा राहू द्यावा. वरच्या कडा मऊ झाल्या तरी तो नजरेत भरत नाही.

कोरडं घासू नये याचं एक कारण आरोग्याचंही आहे. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत लेड क्रोमेटसारखी शिशाची रंगद्रव्यं असू शकतात. घरगुती रंगांतलं शिसं आपल्याकडे २०१७ पासून ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) बांधलं गेलं, पण तुमच्या गाडीवरचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. ओलं घासावं, मास्क लावावा, मुलांना लांब ठेवावं आणि फडके घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

काही गोष्टी पॉलिशच्या पलीकडच्या आहेत. जाळीसारखा तडकलेला ड्युको, सोलून निघणारा क्लिअर कोट, फुगलेला गंज. लोखंडापेक्षा गंज कितीतरी अधिक जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून वर उचलतो, आणि वरून घासून काही होत नाही. तिथे पत्र्यापर्यंत जाऊनच काम करावं लागतं. पण एका दारावर गंज आला म्हणून सगळी गाडी रंगवून टाकणं मला पटत नाही. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून कुर्ल्याला बनू लागली, पुढे तीच पद्मिनी झाली. ती बनवणारी कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, ज्यांचं नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे. त्या कारखान्यातून आलेला मूळ रंग आज फार थोड्या गाड्यांवर उरला आहे. थोडा झिजलेला, दोन-चार ओरखड्यांचा मूळ रंग मला नव्या काचेसारख्या रंगापेक्षा मोलाचा वाटतो, कारण नवा रंग केव्हाही देता येतो.

पुढे दुरुस्तीची वेळ येणारच असेल तर सिलिकॉनवाली पॉलिशं टाळावीत. सिलिकॉनचा पृष्ठताण इतका कमी असतो की त्यावर मारलेला नवा रंग मागे सरकून माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पाडतो. काम झाल्यावर संरक्षणाला मेण पुरे. ब्राझीलच्या ताडाचं कार्नौबा मेण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, म्हणजे उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटवरही बहुतेक टिकतं. पावसाळ्यात मात्र गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवू नका. आत कोंडलेला ओलावा रंगातून हळूहळू झिरपतो, खाली राहिलेले क्षार त्याला परासरणानं ओढून घेतात आणि रंगाला फोड येतात. वरती पत्र्याचं छप्पर, बाजूंनी वारा आणि अंगावर हवा खेळती राहील असं सुती कव्हर, एवढं जमलं तर पुढची कित्येक वर्षं कंपाऊंडचा डबा उघडावा लागत नाही.