कझाकिस्तानचा स्टेप: नांगर आला, गेला, पण चरणारी जनावरं?

थंडीत सोलापूर-साताऱ्याच्या माळावर गवताला लागून उडणारे भोवत्ये (हॅरियर, शिकारी पक्षी) दिसतात ना, त्यातले बरेच कझाकिस्तानच्या स्टेपवरून येतात, पण तिथं मागच्या सत्तर वर्षांत काय झालं ते आपल्याकडं फार कुणी बोलत नाही.

स्टेप म्हणजे झाडं नसलेला, नजर पोचेल तिथवर गवताचा मुलूख. कझाक लोक तिथं घोडे-मेंढ्या घेऊन फिरायचे, शिवाय सायगा हरणांचे कळप. 1930 च्या दशकात सोव्हिएत सरकारनं जनावरं काढून घेतली, भयंकर दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली आणि फिरत्या गुराख्यांची पद्धतच मोडली. मग 1954 ला सोव्हिएत नेता ख्रुश्चेवनं या जमिनीला 'त्सेलिना' म्हणजे नांगर न लागलेली जमीन म्हणून घोषणा केली आणि पुढच्या सहा-सात वर्षांत एकट्या कझाकिस्तानात सुमारे 2.5 कोटी हेक्टर नांगरून गहू पेरला. आपल्याकडं माळाला 'पडीक' म्हणतात ना, अगदी तसंच, शब्द असा वापरायचा की तिथं काहीच नव्हतं असं वाटावं. वरची माती उघडी पडली, 1960 च्या सुरुवातीला धुळीची वादळं सुटली. काळा चंडोल, तणमोर जातीचे पक्षी, टिटव्या यांची घरटी जमिनीवरच, त्यांना जायला जागाच कुठं होती?

1991 ला सोव्हिएत युनियन कोसळलं, सरकारी शेतं बंद पडली आणि 1 कोटी हेक्टरहून जास्त जमीन तशीच सुटली. चंडोल वगैरे परत आले हो, पण 'सोशेबल लॅपविंग' नावाची टिटवी मात्र अडकली. हिला आखूड, चरून साफ केलेलं गवतच लागतं, आणि जनावरं तर सगळी विकली-कापली गेलेली, उरली ती गावाजवळच, म्हणून ही पण गावाजवळच घरटी करायला लागली आणि तिथं खुरांखाली अंडी फुटायला लागली. 2004 ला तिला अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं. हिवाळ्यात हीच गुजरात-राजस्थानच्या माळांवर येते, आणि पश्चिमेच्या वाटेनं जाणाऱ्यांची इराक-सिरियात शिकारही होते.

माझं मत सरळ आहे, इथं नुसती जमीन सोडून भागत नाही, चरणारं जनावर परत लागतं. तिथल्या स्टेप आणि सायगा वाचवायच्या 'अल्तिन दाला' प्रकल्पाला हे कळलंय, 2012 ला अभयारण्य झालं, 2003 ला 21 हजारांवर आलेली सायगा 2022 पर्यंत 13 लाखांवर गेली. 2017 पासून तिथं कुलान सोडायला सुरुवात झालीय, कुलान म्हणजे आपल्या कच्छच्या रणातल्या रानगाढवाचाच भाऊबंद.