फाइव्ह स्टारच्या पोटातला पाक

गुऱ्हाळावर काहील कधी उतरवायची हे गुळव्या घड्याळात बघून ठरवत नाही. उकळत्या रसाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांत वळून बघतो. गोळी जमली की काहील खाली. पलूस-तासगावकडं वाढलेल्या माणसाला हे नव्यानं सांगायला नको. पण कॅडबरीच्या फाइव्ह स्टार चॉकलेटच्या आत जो चिवट, दाताला चिकटणारा थर असतो, त्या कॅरॅमलची परीक्षाही अगदी हीच, हे मला फार उशिरा कळलं. साखर, ग्लुकोजचा पाक, दूध आणि लोणी किंवा तेल आटवत न्यायचं आणि ११८ ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास थांबायचं. गुळाची काहीलही साधारण त्याच तापमानाला उतरते. कारखान्यात गुळव्याच्या जागी तापमापक असतो, इतकंच.

चॉकलेटचा इतिहास सांगणारे कोकोपासून आणि मेक्सिकोपासून सुरुवात करतात. या वडीच्या बाबतीत मला ते पटत नाही. ही वस्तू मुळात साखरेची आहे. चॉकलेट म्हणजे तिच्या अंगावरचं पांघरूण.

पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत पाच सेंटच्या वड्यांचा सुळसुळाट झाला. शिकागोची 'बेबी रूथ' १९२१ची. १९२३ मध्ये मिनीॲपोलिसच्या फ्रँक मार्स यांनी 'मिल्की वे' काढली. खाली नूगा, त्यावर कॅरॅमल आणि भोवती चॉकलेट. नूगा म्हणजे साखरेचा गरम पाक अंड्याच्या पांढऱ्या बलकासोबत फेटून फुगवलेला गोळा. त्यात हवाच भरपूर, त्यामुळे तेवढ्याच पैशात वडी चांगली जाडजूड दिसायची. महाग चॉकलेट फक्त वरून लागायचं. शिवाय त्या आवरणामुळे आतला माल सुकत नसे, म्हणून तो लांबच्या गावी पाठवता येई. गिऱ्हाईक खूश आणि हिशेबही जुळलेला. १९३० मध्ये शेंगदाणे घातलेली 'स्निकर्स' आली. हे नाव मार्स कुटुंबाच्या लाडक्या घोड्याचं.

फ्रँक आणि त्यांचा मुलगा फॉरेस्ट यांचं पटलं नाही. मुलगा इंग्लंडला गेला आणि १९३२ मध्ये स्लाव गावी त्यानं वडिलांचीच वडी थोडी गोड करून 'मार्स' नावानं विकायला काढली. वरचं चॉकलेट सुरुवातीला तो घ्यायचा कॅडबरीकडून! नावांचा घोळ तेव्हापासूनच. अमेरिकेत जिला 'मिल्की वे' म्हणतात, तिची बहीण बाहेर 'मार्स' आणि बाहेरची 'मिल्की वे' म्हणजे निराळीच, कॅरॅमल नसलेली वडी. 'स्निकर्स'सुद्धा ब्रिटनमध्ये १९९० पर्यंत 'मॅरेथॉन' या नावानं खपत होती.

ग्लुकोजचा पाक कशाला, असा प्रश्न पडेल. नुसती साखर आटवली तर थंड होताना ती पुन्हा रवा धरते. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला रवाळपणा शोभतो, कॅरॅमलमध्ये तो दोष. मका किंवा तशाच स्टार्चपासून केलेला ग्लुकोजचा चिकट पाक साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाही. रंगाच्या बाबतीत मात्र पेढा आणि कॅरॅमल सख्खे भाऊ. दुधातली प्रथिनं आणि साखर एकत्र तापली की तपकिरी रंग येतो, तोच खमंग वास सुटतो. पुढचं काम यंत्राचं. थर लादीसारखा पसरून थंड करायचा, पट्ट्या कापायच्या, त्या जाळीच्या पट्ट्यावरून पातळ चॉकलेटच्या सांडत्या पडद्याखालून न्यायच्या आणि थंड बोगद्यातून बाहेर काढायच्या.

कॅडबरी भारतात आली १९४८ मध्ये, आधी आयात माल इथं पुन्हा बांधून विकायला. फाइव्ह स्टार आली १९६९ मध्ये. मार्सची वडी तेव्हा सरळ मार्गानं येऊच शकत नव्हती, आयातीला परवाने होते. विट्याकडची गलाईवाली, म्हणजे परगावी सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारी मंडळी जत्रेला गावी येताना मोठ्या शहरातून एखादी परदेशी वडी आणत, तेवढंच दर्शन. ही बंधनं पूर्णपणे उठली ती एप्रिल २००१ मध्ये.

त्यामुळे पंचवीसेक वर्षं फाइव्ह स्टारची खरी झुंज झाली ती दुकानातल्या काचेच्या बरण्यांशी. पारलेची वेलदोड्याच्या वासाची 'किस्मी' १९६३ची. 'मेलडी' तर फाइव्ह स्टारची उलटी आवृत्तीच, कॅरॅमल बाहेर आणि चॉकलेट आत. आणि रावळगाव! मालेगाव तालुक्यातला हा कारखाना १९३३ साली वालचंद हिराचंद यांनी उभारला, आधी साखरेसाठी, मग गोळ्यांसाठी. विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजवरून रोज जाणाऱ्या किती सांगलीकरांना ठाऊक असेल, की ते नाव आणि रावळगावच्या 'पान पसंद' गोळीचं मूळ एकच? रावळगावचे गोळ्यांचे ब्रँड २०२४ मध्ये रिलायन्सनं २७ कोटींना घेतले.

आमच्या घरी एका फाइव्ह स्टारचे चार वाटे व्हायचे. कोकोतलं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि सांगलीचा मे महिना चाळिशीला टेकतो. म्हणून दुकानदार वडी दुधाच्या पिशव्यांशेजारी फ्रीजमध्ये ठेवायचा. ती दगडासारखी कडक व्हायची, सुरी चालायची नाही. मग आजी पानाच्या डब्यातला अडकित्ता काढायची. चारही तुकड्यांना सुपारीचा वास.

प्रतिस्पर्धी उगवले ते १९९०च्या दशकात. नेस्लेची 'बार वन' थेट कॅरॅमलवरच चालून आली. 'किटकॅट' १९९५ मध्ये आलं, त्याला तोंड द्यायला कॅडबरीची 'पर्क' होती, प्रीती झिंटाच्या जाहिरातीमुळे ती लक्षात राहिली. वेफर हलकं आणि स्वस्त, त्यानं बाजार ओढला. मग फाइव्ह स्टारनं रमेश-सुरेश हे दोघे भाऊ आणले, वडी खाताना स्वतःला हरवून बसणारे. त्या जाहिरातींनी वडी पुन्हा तरुणांच्या तोंडी आली, असं माझं मत. 'स्निकर्स'ला वेगळीच अडचण होती. नूग्यात अंडं, म्हणजे तेव्हा पाकिटावर तपकिरी ठिपका, आणि हिरवा ठिपका बघून घेणाऱ्यांची घरं आपल्याकडं कमी नाहीत. शेवटी भारतासाठी बिनअंड्याची 'स्निकर्स' काढावी लागली.

२०२४ मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. आपल्याकडं कारखान्यांसाठी साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरला होता किलोला ३१ रुपये. नुसत्या चॉकलेटची वडी विकणाऱ्याला अशा भाववाढीत पळवाट नाही. कॅरॅमलवाल्याला आहे, वरचं पांघरूण थोडं पातळ करायचं.