एका शीटवर अनेक हात : ऑनलाइन तक्त्यांची पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'सोबतच्या लिंकवर आपल्या शाळेची माहिती आजच भरावी' असा निरोप येतो. सोसायटीचे खजिनदार मेंटेनन्सच्या हिशेबाची शीट सगळ्या सभासदांना पाठवतात. गणपतीच्या वर्गणीची यादी मंडळातले कार्यकर्ते आपापल्या फोनवरून भरत जातात. या शीटला आता कोणी तंत्रज्ञान म्हणतही नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. पण ती इथवर यायला जवळजवळ चाळीस वर्षांची धडपड लागली. त्यातला मराठी अक्षरांचा भाग सर्वांत कमी सांगितला जातो, असे मला वाटते.

सुरुवात रकान्यांपासून नव्हे, तर एकत्र लिहिण्यापासून करावी लागते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगेलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे प्रात्यक्षिक दाखवले. आज ते माऊससाठी ओळखले जाते. पण त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एंगेलबार्ट यांनी पडद्यावर घरी न्यायच्या सामानाची यादी केली, केळी, गाजरे वगैरे, आणि तिचे गट पाडून दाखवले. मग सुमारे पन्नास किलोमीटर दूर, मेन्लो पार्कमध्ये बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्सटन त्याच पडद्यावर आले आणि दोघांनी एकाच मजकुरावर काम केले. बाजाराची यादी आणि कचेरीचे काम एकाच साधनात बसते, आणि ते दोन गावांतून एकत्र करता येते, हे त्या दिवशी लोकांनी डोळ्यांनी पाहिले. सामान्यांच्या हाती ते पडायला मात्र पुढची कित्येक वर्षे जायची होती.

रकान्यांची गोष्ट दहा वर्षांनी हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये सुरू होते. १९७८ मध्ये तिथे शिकणारे डॅन ब्रिकलिन फळ्यावर मांडलेला आर्थिक तक्ता पाहत होते. एक आकडा चुकला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसायचे आणि पुन्हा काढायचे. हाताने खतावणी लिहिलेल्या कोणालाही हा जाच ठाऊक आहे: एका नोंदीत पाच रुपये चुकले की खालच्या सगळ्या बेरजा खोडाव्या लागतात. एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत, असा तक्ता ब्रिकलिन यांना हवा होता. त्यांचे मित्र बॉब फ्रँकस्टन यांनी त्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी 'व्हिझिकॅल्क' विक्रीला आला. त्यात ६३ कॉलम होते आणि २५४ रो. कॉलमला अक्षर आणि रोला आकडा, म्हणजे ए-वन, बी-टू, ही पद्धत त्यातही होती. केवळ हा प्रोग्रॅम चालवता यावा म्हणून दुकानदार आणि हिशेबनीस संगणक विकत घेऊ लागले.

सॉफ्टवेअरला पेटंट मिळणे त्या काळी अवघड होते, त्यामुळे व्हिझिकॅल्कवर पेटंट घेतले गेले नाही. ब्रिकलिन यांच्या खिशाला त्याचा तोटा झाला असेल, पण जगाला ही कल्पना मोकळी मिळाली. आजच्या प्रत्येक शीटवर त्या मोकळेपणाचे ऋण आहे, आणि ते मान्य करायला हवे.

पुढचा भाग परिचित आहे. १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री हा तक्त्यांचा प्रोग्रॅम आला आणि त्याने आयबीएमच्या पीसीचे मार्केट काबीज केले. मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिन्टॉशवर आले, १९८७ मध्ये विंडोजवर. फॉर्म्युले वाढले, आलेख आले. पण फाइल एका वेळी एकाच्याच हातात राहिली. ती आधी फ्लॉपीवरून फिरायची, नंतर ईमेलला जोडून. 'अहवाल फायनल', 'अहवाल फायनल २', 'अहवाल फायनल सुधारित' अशा नावांच्या फाइली ज्यांनी सांभाळल्या आहेत, त्यांना खरी फाइल कोणती यावरून झालेले वाद आठवत असतील.

कोंडी फुटली ती ब्राउझरमुळे. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये, १९९९ साली, पान पुन्हा लोड न करता मागच्या मागे सर्व्हरशी बोलण्याची सोय आली. तिचे सामर्थ्य लोकांना कळले ते २००४ च्या जीमेलमुळे आणि २००५ च्या गूगल मॅप्समुळे. २००५ मध्येच ब्राउझरात लिहिण्याची 'राइटली' नावाची सेवा निघाली, आणि त्याच वर्षी चेन्नईच्या ॲडव्हेंटनेट कंपनीने झोहो रायटर आणले. हीच कंपनी पुढे झोहो या नावाने ओळखली जाऊ लागली. मार्च २००६ मध्ये गूगलने राइटली विकत घेतली आणि जूनमध्ये स्वतःची स्प्रेडशीट प्रयोग म्हणून खुली केली. या शर्यतीत एक भारतीय कंपनी पहिल्या फळीत होती, हे आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहो वापरायला लागल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांनी ते नाव पहिल्यांदा ऐकले.

पण दोघांनी एकाच क्षणी एकाच ओळीत बदल केला तर काय होते? समजा, ओळ आहे 'सभा रविवारी'. एक जण सुरुवातीला 'पुढची' हा शब्द आणि एक जागा घालतो, म्हणजे संगणकाच्या हिशेबात सहा चिन्हे, कारण उकार आणि वेलांटी स्वतंत्र मोजली जातात. त्याच क्षणी दुसरा 'रविवारी' खोडतो. त्याच्या संगणकाची सूचना असते, पाचव्या चिन्हापासून सात चिन्हे काढा. ही सूचना पहिल्याच्या बदलानंतर जशीच्या तशी लागू केली तर भलताच मजकूर खोडला जाईल. म्हणून ती सहाने पुढे सरकवून 'अकराव्यापासून' अशी करावी लागते. हे सूचना सरकवण्याचे गणित क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्येच मांडले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये आलेल्या ईथरपॅडने इतरांचे टायपिंग जवळजवळ त्याच क्षणी दाखवायला सुरुवात केली. गूगलने पुढच्या वर्षी ती कंपनी घेतली, आणि एप्रिल २०१० मध्ये गूगल डॉक्सची नवी आवृत्ती आली, तिच्यात एकमेकांची अक्षरे उमटताना दिसू लागली. शीटमध्ये दुसऱ्याचा रंगीत चौकोन एका सेलवरून दुसऱ्या सेलवर सरकताना दिसतो, त्यामागे हे सगळे आहे.

मराठीपुरते पाहिले तर यातले काहीच पुरेसे नव्हते. आपल्या कचेऱ्या आणि छापखाने तेव्हा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांवर चालत. या फाइलींत देवनागरी अक्षरे नसतच. कृतिदेवमध्ये 'भारत' टंकले की साठवले जाई ते एच, के, के, जे, आर. फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचे रूप देई. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसे, आणि ब्राउझरमध्ये तर तो हमखास दिसे. शोध लागत नसे, नावे अकारविल्हे लावता येत नसत. अशा मजकुराची शीट चौघांनी मिळून भरणार कशी?

खरा मार्ग पुण्याच्या सी-डॅकमधून गेला. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या प्रमाणावर मोठे काम केले. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या प्रमाणाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतली देवनागरीची मांडणी त्याच इस्कीवर बेतलेली आहे. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत मंगल फॉन्ट आला. तरीही मराठीची काही अक्षरे मागे राहिली. 'ॲप'मधला ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये थेट २००८ साली दाखल झाले. तोवर लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत, आणि अजूनही अनेक कीबोर्ड तेच करतात. म्हणून एकाच शीटमध्ये 'ॲडमिशन' दोन प्रकारे लिहिलेले असते. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शीटला दिसतो. फिल्टर लावला की निम्म्या रो गायब होतात आणि भरणाऱ्याला कळत नाही, चुकले कुठे. कधी असा अनुभव आला तर दोष तुमचा नाही. एक प्रकार निवडून 'फाइंड अँड रिप्लेस'ने दुसरा बदलून टाकावा.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि २०१७ मध्ये गूगलच्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी आली, तेव्हा कीबोर्ड न शिकलेल्यांनाही शीट भरता येऊ लागली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, अनोळखी माणसांनी ऑक्सिजन आणि बेडच्या याद्या याच शीटांवर चालवल्या. प्रत्येक फोन नंबरापुढे 'व्हेरिफाइड' आणि वेळ. दोन तासांपूर्वीची नोंद जुनी समजली जाई. एंगेलबार्ट यांनी दाखवलेली यादी तेव्हा कोणाच्या तरी जिवाशी बांधलेली होती.

त्याच मोकळेपणाची एक बाजू मला अस्वस्थ करते. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल क्रमांक, बँक खाती असलेल्या शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' खुल्या ठेवलेल्या असतात, आणि ती लिंक ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरत राहते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला, पण सवय जुनीच आहे. यावर उपाय नवा नाही. गूगल स्प्रेडशीटला फॉर्म जोडण्याची सोय २००८ पासून आहे. फॉर्म भरणाऱ्याला शीट उघडून द्यावी लागत नाही, त्यामुळे इतरांची माहिती त्याच्यासमोर येत नाही, आणि सगळी उत्तरे मागवणाऱ्याच्या शीटमध्ये जमा होतात. ज्या ज्या ठिकाणी दहा शाळांकडून किंवा शंभर सभासदांकडून खासगी माहिती मागवायची आहे, तिथे शीटऐवजी फॉर्मची लिंक पाठवायला हवी.