विमान सेकंडहँड आहे म्हणे, चालेल का?

छोट्या शहरातून विमानाचं तिकीट काढायला आलं की हा प्रश्न हमखास येतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. हो, बऱ्याच प्रादेशिक कंपन्या आधी दुसरीकडे उडालेली विमानंच घेतात, आपल्याकडची स्टार एअर २०१९ ला सुरू झाली तीसुद्धा ब्राझीलच्या ५० सीटच्या एम्ब्रेअर १४५ वर, जी आधी परदेशात चाललेली होती. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

लोक विचारतात किती वर्षं जुनं. विचारायचं असतं ते सायकल किती झाल्या. एक टेकऑफ आणि एक लँडिंग म्हणजे एक सायकल. वर गेलं की केबिनमधला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप जास्त होतो, पत्रा ताणला जातो, खाली आलं की सैल पडतो, हे हजारो वेळा झालं की रिव्हेटच्या भोकांपाशी केसाएवढ्या चिरा पडायला लागतात.

अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या अलोहा एअरलाइन्सचं बोईंग ७३७ बघा. १९६९ चं विमान, उड्डाणाचे तास ३५,४९६ पण सायकल ८९,६८०! म्हणजे या बेटावरून त्या बेटावर, सरासरी २४ मिनिटांची फेरी, त्यात समुद्राची खारी हवा. २८ एप्रिल १९८८ ला २४,००० फुटांवर पुढचं १८ फूट छत उडून गेलं, एक हवाई सुंदरी दगावली, बाकी सगळे वाचले, पायलटनी तसंच उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. चढताना एका बाईंना दाराजवळ चीर दिसली होती पण त्या कुणाला बोलल्या नाहीत. चौकशीत निघालं की देखभालीच्या तपासणीत चिरा सुटल्या होत्या. आणि हे विमान सेकंडहँड नव्हतं बरं का, अलोहानं कोरं घेतलेलं!

म्हणून खरी किंमत कागदांना. जुनी गाडी घेताना मीटर मागे फिरवलाय का बघतो ना, इथे तर इंजिनाच्या फिरत्या डिस्कचा हिशोब ती बनली त्या दिवसापासून लागतो, किती सायकल कुठल्या इंजिनात झाल्या ते सगळं, मधली एक नोंद गायब असली तर चांगली डिस्कसुद्धा भंगारात जाते. कंपनी बदलली की रंग बदलतो, शेपटीजवळचा नंबर बदलून भारतात व्हीटी लागतं, पण कारखान्याचा सीरियल नंबर आयुष्यभर तोच.

चढताना दाराच्या आसपास पत्र्यावर चौकोनी ठिगळ दिसलं, भोवती रिव्हेटची रांग, तर घाबरू नका. सामानाची गाडी वगैरे घासून पोचा आला की अशी दुरुस्ती करतात, आणि प्रत्येक ठिगळाची नोंद डेंट अँड बकल चार्टमध्ये असते. मोकळी चीर दिसली तर मात्र क्रूला सांगाच, लाजू नका.

भारतात आणताना डीजीसीए (विमानांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) विमानाचं वय आणि कागद दोन्ही बघते, मगच परवानगी.

तुमच्या फ्लाइटला कुठलं मॉडेल लागतं ते तिकीट काढतानाच आम्ही सांगू, फक्त ऐनवेळी विमान बदललं तर ते आमच्या हातात नाही. व्हीटी नंबर कळला की त्यावरून सीरियल नंबर आणि आधी कुठे उडायचं ते नेटवर बहुतेक वेळा सापडतं, कसं शोधायचं ते काउंटरवर विचारा, दाखवतो.