ज्युराट : ॲफिडेव्हिटच्या तळाच्या ओळींची पार्श्वभूमी

वकिलाच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या ज्युनिअरला किंवा टायपिस्टला पहिल्याच आठवड्यात एक शब्द कानावर पडतो : ज्युराट. ‘ज्युराट एकटा नव्या पानावर जाऊ देऊ नकोस, वरच्या दोन ओळी तरी त्याच्यासोबत असू देत,’ असं सांगितलं जातं. रोजच्या इंग्रजीत हा शब्द सापडत नाही. ॲफिडेव्हिटचा मजकूर संपल्यावर डाव्या बाजूला येणाऱ्या ओळींचं हे नाव आहे. ‘सॉलेम्नली अफर्म्ड ॲट मुंबई’, त्याखाली तारखेसाठी मोकळी सोडलेली जागा, मग ‘बिफोर मी’. कोणी, कुठे, कधी आणि कोणासमोर शपथ घेतली किंवा प्रतिज्ञा केली, एवढंच त्यात असतं. उजवीकडे ॲफिडेव्हिट करणाऱ्याची सही, खाली ओळख पटवणाऱ्या वकिलाची.

मुंबईत गेली एक-दोन वर्षं ॲफिडेव्हिटची चर्चा झाली ती स्टॅम्प पेपरवरून. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान मुद्रांक शंभरावरून पाचशे रुपये झाला, मग मार्च २०२५ मध्ये सरकारी दाखल्यांसाठीच्या ॲफिडेव्हिटना त्यातून सूट जाहीर झाली. अशा ॲफिडेव्हिटना मुद्रांक शुल्क माफ असल्याचा आदेश तर २००४ पासूनच होता. तरीही खिडकीवर स्टॅम्प पेपर मागितला जायचा आणि लोक मुकाट आणून द्यायचे. पैशाचा प्रश्न खराच आहे, पण कागदाला कायद्याचं बळ स्टॅम्पमुळे येत नाही. ते ज्युराटमुळे येतं, आणि त्यामागे बराच मोठा वाद होऊन गेला आहे.

पेशवाईतले निवाडे वाचणाऱ्यांना बेलभंडार (देवाचा बेल आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ) आणि दिव्य (खरं-खोटं ठरवणारी अंगावरची परीक्षा) परिचयाचे आहेत. पुरावा दोन्हीकडे सारखाच पडला की वादी किंवा प्रतिवादी क्रियेला, म्हणजे अशा दिव्याला, उभा राहायचा, कढत्या तेलातून रवा म्हणजे धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहर व्हायची. इंग्रजांच्या कोर्टात हे चालणार नव्हतं. पण मग तिथे हिंदू साक्षीदाराने शपथ कशाची घ्यायची? इंग्लंडमध्ये शपथ बायबलवर, आणि ख्रिश्चन नसलेल्याची साक्ष घ्यावी का, यावरच खल चाललेला. १७४४ मध्ये कलकत्त्याच्या एका व्यापाऱ्याच्या दाव्यात लंडनच्या कोर्टाने ठरवलं की ब्राह्मणाच्या पायाला हात लावून घेतलेली शपथही चालेल, कारण साक्षीदार एका ईश्वराला आणि त्याच्या शिक्षेला मानतो. त्या काळासाठी ही मोठीच गोष्ट होती. ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथाच्या लोकांना मात्र तिकडे १६९५ पासूनच शपथेऐवजी नुसती गंभीर प्रतिज्ञा करायची मुभा होती. हाच दुसरा रस्ता पुढे आपल्याकडे आला.

हिंदूंनी गंगाजलाची आणि मुसलमानांनी कुराणाची शपथ घ्यायची ही इथल्या कोर्टांतली सक्ती १८४० च्या पाचव्या कायद्याने काढली. कारण कायद्याच्या सुरुवातीलाच दिलं आहे : अशा शपथा लोकांच्या मनाला पटत नाहीत आणि त्यामुळे न्यायाच्या कामात अडथळा येतो. अब्रूदार माणूस कोर्टात गंगाजल हातात घ्यायला तयार नसायचा. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, तर शपथ घेणंच कमीपणाचं वाटायचं म्हणून. त्याऐवजी ईश्वराला स्मरून प्रतिज्ञा आली. १८७३ च्या शपथ कायद्याने हीच रीत पक्की केली आणि ईश्वराचं नाव घेण्याची सक्तीही राहिली नाही. हिंदू किंवा मुसलमान साक्षीदाराने, तसंच शपथेला हरकत असलेल्या कोणीही, प्रतिज्ञा करायची. बाकीच्यांनी शपथ घ्यायची. म्हणजे मुंबईच्या एकाच कोर्टात, एकाच दाव्यात, गिरगावचा हिंदू साक्षीदार प्रतिज्ञा करी आणि पारशी, ख्रिस्ती, यहुदी साक्षीदार शपथ घेई. गीतेवर हात ठेवून ‘जो कहूँगा सच कहूँगा’ म्हणणारा सिनेमातला साक्षीदार त्या कायद्याच्या नेहमीच्या रीतीत बसत नाही. तरीही तोच आपल्या मनात घट्ट बसला आहे.

त्या कायद्यातला सगळ्यात वादग्रस्त भाग मात्र पुढे होता, कलम ८ ते १२. दाव्यातला एक पक्ष म्हणू शकत होता : ‘समोरच्याने अमुक देवळात, अमुक पद्धतीने शपथ घेऊन सांगावं, तो सांगेल ते मला मान्य.’ समोरचा तयार झाला तर कोर्ट ती शपथ देई. कोर्टाबाहेर घ्यायची असेल तर त्यासाठी कमिशन नेमी. आणि त्या शपथेवर तो जे बोलेल ते, तसं आव्हान देणाऱ्यापुरतं, निर्णायक. त्यावर पुन्हा पुरावा नाही, उलटतपासणी नाही. नकार दिला तर कोर्टाने शपथेचं स्वरूप, नकार आणि त्याचं कारण लिहून ठेवायचं. म्हणजे नकाराचाही डाग दप्तरात राहायचा.

हे गावच्या क्रियेचंच रूप होतं, फक्त कढत्या तेलाविना. कायदा करणाऱ्यांना त्याची जाणीव होती, असं अटींवरून दिसतं. शपथ न्यायाला किंवा सभ्यतेला सोडून नसावी आणि तिसऱ्या माणसावर तिचा परिणाम होईल अशी नसावी. ही दुसरी अट फार विचाराने घातलेली आहे. ‘मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांग’ हे आपल्याकडे घराघरात ऐकू येतं; कोर्टात ते कायद्याने बंद झालं, कारण त्यात गळ्याशी येतो तो त्या लेकराचा जीव.

तरी खटके उडायचेच. आव्हान दिलं, समोरच्याने स्वीकारलं, आणि आयत्या वेळी आव्हान देणाऱ्याला पश्चात्ताप झाला, तर त्याला शब्द मागे घेता येतो का? यावर वेगवेगळ्या कोर्टांचं एकमत नव्हतं. ज्यांना ही तरतूद आवडायची त्यांचं म्हणणं असं की वर्षानुवर्षं रेंगाळणारा भाऊबंदकीचा दावा एका सकाळी मिटतो आणि गावात कोणाची मान खाली जात नाही. या म्हणण्यात तथ्य होतं. पण ज्याची श्रद्धा खोल त्याच्यावर दडपण जास्त, आणि ज्याला देवाचीही भीती नाही तो बिनदिक्कत शपथ घेऊन मोकळा. असा निवाडा प्रामाणिक माणसाच्या विरोधातच झुकतो. १९६५ च्या विधी आयोगाच्या अहवालानंतर १९६९ चा नवा शपथ कायदा आला आणि ही कलमं गेली. माझ्या मते ती गेली हे योग्यच झालं, आणि तीस-चाळीस वर्षं आधी जायला हवी होती.

नव्या कायद्याने धर्माप्रमाणे केलेली विभागणीही काढली. आता कोणीही, कुठल्याही धर्माचा किंवा कुठलाच धर्म न मानणारा, ईश्वराच्या नावाने शपथ घेऊ शकतो किंवा प्रतिज्ञा करू शकतो. यामागे संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीचा नमुना आहे. तिथे मंत्र्यांच्या आणि आमदारांच्या शपथेत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत. हा हक्क इंग्लंडमध्येही सहज मिळाला नव्हता. नॉर्दॅम्प्टनहून १८८० मध्ये निवडून आलेल्या निरीश्वरवादी खासदाराला शपथेवरूनच सहा वर्षं सभागृहात नीट बसू दिलं गेलं नाही. शपथेऐवजी प्रतिज्ञेचा हक्क देणारा कायदा तिकडे १८८८ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तो खासदार मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला होता. शपथेच्या इतिहासात मुंबईचा हा धागा सहसा कोणी सांगत नाही.

१९६९ च्या कायद्याच्या शेवटी नमुने दिले आहेत. साक्षीदाराचा सर्वांना पाठ आहे. ॲफिडेव्हिटचा चौथा नमुना मात्र वाचलेला माणूस क्वचित भेटतो. त्याचा आशय असा : हे माझं नाव आहे, ही माझी सही किंवा निशाणी आहे, आणि या ॲफिडेव्हिटमधला मजकूर खरा आहे. हे अधिकाऱ्यासमोर तोंडाने म्हणायचं असतं. ते म्हटलं गेलं, याची नोंद म्हणजे ज्युराट. गंगाजल गेलं, देवळातली शपथ गेली, ईश्वराचं नाव ऐच्छिक झालं. उरलं ते एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर उभं राहून ‘हे खरं आहे’ असं म्हणणं.

आता किल्ला कोर्टाबाहेरच्या किंवा वांद्र्याच्या एखाद्या टेबलापाशी उभं राहून पाहा. ताडपत्रीखाली कॉम्प्युटर, प्रिंटर, शेजारी शिक्क्यांचा डबा आणि भलंमोठं रजिस्टर. ‘आधार आणलंय? इथे सही, इथे सही, रजिस्टरमध्ये अंगठा.’ पाच मिनिटांत काम आटोपतं. मजकूर वाचून दाखवला जात नाही, ‘खरं आहे ना?’ हा प्रश्न येत नाही, आणि पुष्कळदा शिक्का मारणारा समोर नसतोच. हायकोर्टातलं ॲफिडेव्हिट इंग्रजीत असतं. सही करणाऱ्या बाईंना इंग्रजी येत नसेल तर मजकूर मराठीत समजावून सांगितल्याची ओळ ज्युराटजवळ टाइप होते. ती ओळ खरी असेल तर त्या बाईंना वारसाहक्काच्या दाव्यात आपण काय सोडून देतो आहोत हे कळलेलं असतं. खोटी असेल तर त्यांना ते कळतं, तेव्हा समोरचा वकील त्यांचीच सही त्यांना दाखवत असतो.

हा ढिलेपणा टिकतो त्याला कायद्यातलीच एक सोय कारण आहे. शपथ द्यायची राहिली किंवा तिच्या रूपात चूक झाली म्हणून काम रद्द होत नाही, असं १९६९ च्या कायद्यात म्हटलं आहे. १८७३ च्या कायद्यातही तसंच होतं. हेतू चांगला होता, तांत्रिक चुकीपायी खरा दावा बुडू नये. पण शिक्षेची तरतूद मात्र सही करणाऱ्यासाठी जागच्या जागी आहे. न्यायालयीन कामात खोट्या पुराव्याला सात वर्षांपर्यंत कैद, पूर्वी दंड संहितेच्या कलम १९३ खाली, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली.

सरकारने २०१५ मध्ये बऱ्याच दाखल्यांसाठी ॲफिडेव्हिटऐवजी स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं. त्यात ज्युराट नाही, नोटरी नाही. माहिती खोटी निघाली तर माझ्यावर खटला भरला जाईल याची मला जाणीव आहे, असं अर्जदार स्वतःच लिहून देतो. उत्पन्नाच्या दाखल्याला हे पुरेसं आहे आणि लोकांचे हेलपाटे त्याने वाचले. कोर्टातल्या ॲफिडेव्हिटला ते लागू नाही. तिथे आजही कोणीतरी समोर बसून विचारायचं असतं, आणि सही करणाऱ्याने ‘आधी मला मराठीत वाचून दाखवा’ म्हणण्यात काहीच वावगं नाही.